मुलाला ‘बदलण्याचे’ उपचार आणि कायद्याची बंदी

प्रश्न : आम्ही कॅनडात राहतो. आपल्याला मुलगे आवडतात, असे आमच्या सोळा वर्षांच्या मुलाने नुकतेच आम्हा दोघांना सांगितले. माझ्या मोठ्या दिरांनी भारतातील एका डॉक्टरांची माहिती काढली असून, सुट्टीत त्याला इकडे घेऊन या, काही आठवड्यांत तो ‘नीट’ होईल, असे ते म्हणतात. असे उपचार येथे गुन्हा ठरतात, हे कानावर आले आहे. यजमानांचे म्हणणे असे की, मुलाचे भले कशात आहे ते आईवडील ठरवतील, सरकारने घरात डोकावू नये. मला त्यांचे म्हणणे पटतेही आणि पटतही नाही. अशा उपचारांवर कायद्याने बंदी असावी का, आणि आम्ही काय करावे?

उत्तर : आधी तातडीचे सांगते. दिरांनी सुचवलेला बेत आजच रद्द करा. कॅनडाच्या फौजदारी संहितेत ७ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या तरतुदींनुसार एखाद्याला कन्व्हर्जन थेरपी, म्हणजे लैंगिक कल बदलण्याचे उपचार, घ्यायला लावणे हा गुन्हा आहेच, शिवाय कॅनडात राहणाऱ्या १८ वर्षांखालील मुलाला त्याच हेतूने देशाबाहेर नेणे हाही स्वतंत्र गुन्हा असून दोन्हींसाठी ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भारतात हे सर्व खपून जाते, असा आपल्या दिरांचा समज दिसतो, पण तोही खरा नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशा उपचारांना मनाई केली आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कन्व्हर्जन थेरपी हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले. मद्रासच्या त्या प्रकरणातील न्यायमूर्ती एन. आनंद व्यंकटेश यांनी, आपल्याला हा विषय पुरेसा समजलेला नाही असे मोकळेपणाने नोंदवून, निकालाआधी स्वतः एका मानसशास्त्रज्ञांशी बोलून तो समजून घेतला होता. आपल्या यजमानांना हे जरूर सांगा. न समजणे हा दोष नाही, हे त्यांना यावेळी ऐकण्याची गरज असावी.

आता मूळ प्रश्न. बंदी असावी, असे माझे ठाम मत आहे आणि मुलांच्या बाबतीत तर मला त्यात तिळमात्र शंका नाही.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये तेच केले. जिथे आजारच नाही तिथे उपचार कशावर करायचा, हा प्रश्न खरे तर इथेच मिटायला हवा होता. तो मिटला नाही, कारण हे उपचार विकणारे आजाराची भाषा सोडून आता आशेची भाषा बोलतात. पूर्वी काही ठिकाणी पुरुषांची छायाचित्रे दाखवून विजेचे झटके दिले जात किंवा उलटी आणणारे औषध दिले जाई. आज बहुतेक ठिकाणी नुसते ‘बोलणे’ असते, म्हणून ते निरुपद्रवी वाटते. त्या बोलण्याचा साचा मात्र बहुधा ठरलेला असतो. लहानपणी वडील दूर होते का, आई फार जवळ होती का, कोणी वाईट स्पर्श केला होता का, असे विचारत विचारत मुलाच्या आयुष्यात एक ‘कारण’ शोधले जाते आणि नसेल तर ते तयार केले जाते. मग घरी करायचा अभ्यास मिळतो : अमुक मित्र सोड, फोन वडिलांकडे दे, मनात तसा विचार आला की वहीत नोंद कर आणि पुढच्या वेळी ती वही दाखव. सोळा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या प्रत्येक ओढीची गुन्ह्यासारखी नोंद ठेवायची आणि ती परक्या माणसापुढे वाचायची, हे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणा. अशा प्रकारांतून गेलेल्या लोकांमध्ये नैराश्य आणि आत्महत्येचे विचार अधिक आढळतात, हे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे, आणि ही वही पाहिल्यावर त्याचे आश्चर्य वाटत नाही.

उपचारांनी गुण आलेली माणसे असतात की, असे आपले दीर म्हणतील. हा दावा कशावर उभा आहे ते पाहण्यासारखे आहे. १९७३ च्या निर्णयात ज्यांचा मोठा वाटा होता, त्याच रॉबर्ट स्पिट्झर या मनोविकारतज्ज्ञांनी २००३ मध्ये २०० जणांच्या दूरध्वनीवरील मुलाखतींच्या आधारे, काही जणांचा कल बदलू शकतो, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला आणि तो जगभर पुरावा म्हणून वापरला गेला. २०१२ मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली, कारण त्या लोकांनी स्वतःविषयी जे सांगितले ते खरे होते की नाही, हे तपासण्याचा कोणताही मार्ग त्यांच्याकडे नव्हता. या उपचारांचे यश मोजायला मुलाच्या शब्दाखेरीज काहीच साधन नसते, आणि कोणता शब्द उच्चारला की आईच्या चेहऱ्यावरचा ताण जातो, हे त्या मुलाला सर्वांत आधी कळते. तो बरा होत नाही, तो तुमच्याशी खोटे बोलण्यात तरबेज होतो.

यजमानांच्या आक्षेपाचे उत्तरही मला इथेच सापडते. आईवडिलांचा अधिकार खरा आहे आणि सरकारने घरात उठसूट शिरू नये, हेही खरे. पण उपचाराला संमती लागते, आणि जो मुलगा तुमच्या छपराखाली राहतो, ज्याचे शिक्षण तुमच्या पैशावर चालते आणि ज्याला तुमचे प्रेम गमावण्याची धास्ती आहे, त्याची संमती मोकळी कशी असेल? ‘तोच तयार झाला’ हे वाक्य अशा घरांतून फार वेळा ऐकू येते. तो तयार होतो, कारण नकार देण्याची किंमत त्याला परवडत नाही. अशा ठिकाणी मुलाच्या बाजूने कोणीतरी आधीच ‘नाही’ म्हणून ठेवलेले असावे लागते, आणि ते काम कायदाच करू शकतो. शिवाय तो ‘नाही’ आईवडिलांच्याही उपयोगी पडतो : नातेवाइकांचा रेटा आला की, हे बेकायदेशीर आहे, एवढे सांगून विषय बंद करता येतो.

काम व्यावसायिक परिषदांवर सोपवून भागले असते, असे काहींना वाटते. कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये परवानाधारक चिकित्सकांपुरती, अल्पवयीनांसाठी बंदी घातली तेव्हा ते मोठेच पाऊल होते. परंतु परवाना नसलेले मार्गदर्शक, धर्मोपदेशक आणि ऑनलाइन सत्रे घेणारे त्यातून निसटतात. म्हणून ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०२१ च्या कायद्यात, एखाद्या व्यक्तीचा कल बदलावा किंवा दाबावा या हेतूने तिच्यावर केल्या जाणाऱ्या धार्मिक विधींचाही समावेश केला. माल्टा (२०१६), जर्मनी (२०२०) आणि फ्रान्स (२०२२) यांनी आपापल्या परीने बंदी घातली आहे. ब्रिटनमध्ये २०१८ पासून नुसती आश्वासनेच दिली गेली आणि अमेरिकेत कोलोराडो राज्याच्या कायद्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर थेट सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. तेव्हा आपण ज्या देशात, ज्या राज्यात राहता तेथील तरतूद पाहूनच बोला, असे मी इतर वाचकांनाही सांगेन.

एका बाबतीत मात्र माझे मन आवरते घेते. तक्रार केली तर आई तुरुंगात जाईल, असे मुलाला वाटले तर तो गप्प बसेल आणि ज्याच्यासाठी कायदा केला तोच त्यापासून दूर राहील. म्हणून शिक्षेचा रोख उपचार विकणाऱ्यावर आणि त्याची जाहिरात करणाऱ्यावर असावा, घाबरलेल्या आईवडिलांवर शक्यतो नसावा. न्यूझीलंडच्या २०२२ च्या कायद्यानुसार फौजदारी खटला भरण्याआधी तेथील ॲटर्नी जनरलची संमती लागते आणि मानवी हक्क आयोगाकडे तक्रारीचा मार्गही खुला आहे, हा तोल मला योग्य वाटतो. प्रौढ व्यक्ती कोणत्याही दबावाविना स्वतःहून असे काही मागत असेल, तर प्रश्न अधिक अवघड आहे. तिला रोखण्यापेक्षा, खोटी आशा विकून पैसे घेणाऱ्याला रोखणे मला रास्त वाटते, जरी कॅनडाने त्याहून व्यापक बंदी स्वीकारली असली तरी.

मुलाशी या विषयावर बोलणेच गुन्हा ठरेल की काय, ही यजमानांची भीती असेल तर ती दूर करा. कॅनडाच्या कायद्यातच म्हटले आहे की, एक कल दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ आहे असे गृहीत न धरता स्वतःची ओळख उमजून घेण्यासाठी केलेले प्रयत्न या व्याख्येत येत नाहीत. आपण प्रश्न विचारू शकता, काळजी व्यक्त करू शकता, मला अजून हे पचलेले नाही असेही म्हणू शकता. उत्तर आधीच ठरवून त्या उत्तरापर्यंत मुलाला ढकलत नेणे, एवढेच वर्ज्य आहे.

समुपदेशकाची मदत अवश्य घ्या, पण आधी आपण दोघांनी आणि मुलाने मागितली तरच त्याने. पहिल्या भेटीत सरळ विचारा : “माझा मुलगा वर्षभरानंतरही असाच असेल, तर हे समुपदेशन तुमच्या दृष्टीने फसले का?” जो होय म्हणेल किंवा उत्तर टाळेल, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. आणि कोणी ‘लग्न केले की सगळे मार्गी लागेल’ असे सुचवले, तर ते तिथल्या तिथे तोडा. त्या उपायात आपल्या मुलाबरोबर एका निरपराध मुलीचेही आयुष्य जाते.

मुलाने सांगितले त्यानंतर आपण त्याला काय म्हणालात, हे पत्रात आलेले नाही. भारतातल्या डॉक्टरांची चर्चा त्याच्या कानावर गेली असण्याचा संभव आहे, कारण अशा गोष्टी घरात लपत नाहीत. म्हणून यजमानांची वाट न पाहता आपणच त्याला स्पष्ट शब्दांत सांगा की, तुला कुठेही नेणार नाही. दिरांना उत्तर मात्र यजमानांनीच द्यावे, कारण धाकट्या भावाने दिलेला नकार भावजयीने दिलेल्या नकारापेक्षा घरात अधिक टिकतो. त्यांना मुलाविषयी आधीच कळले आहे. ते मुलाला विचारून सांगितले गेले नसेल, तर त्याची क्षमा मागा, आणि यापुढे भारतात कोणाला काय सांगायचे हे त्याला ठरवू द्या, आजीआजोबांच्या बाबतीतही.