गाडी पूर्ण सुटी करू द्यावी का?

पत्र

ताई, मुलं शिकायला बाहेर पडली आणि घरात आम्ही दोघंच उरलो, तेव्हा ह्यांनी १९७२ ची एमजीबी रोडस्टर ही जुनी ब्रिटिश मोटार घेतली. दोनच सीटची, कापडी टपाची. त्याला चौदा वर्षं झाली. सुरुवातीची वर्षं आम्ही टप उघडून खूप भटकलो. पुढे ब्रेक जाम झाले, मग कार्ब्युरेटरचं काहीतरी निघालं, मग राहूनच गेलं. गेली तीन वर्षं गाडी गॅरेजमध्ये उभी आहे. आता हे निवृत्त झालेत आणि ती नटबोल्टापर्यंत सुटी करून नव्यासारखी करायची म्हणतात. ‘वर्षभरात होईल,’ म्हणतात. मी खर्चाचं कारण पुढे करून थोपवलंय. पण खरी भीती पैशाची नाही. हे त्या गॅरेजमध्ये अडकून पडतील, गाडी पुन्हा रस्त्यावर येणार नाही आणि मी घरात एकटी बसून राहीन, असं वाटतं. नाही म्हणावं तर त्यांची एकुलती एक हौस मोडल्यासारखं होतं. गाडी विकून टाका म्हणू का?

उत्तर

विकून टाका असं म्हणू नका. पण गाडी सुटी करायलाही एवढ्यात होकार देऊ नका. तुमची भीती अगदी रास्त आहे. हौशी माणसांच्या कितीतरी जुन्या गाड्या गंजण्याआधी अशा सुट्या होण्यातच संपतात.

पहिले काही आठवडे फार आनंदात जातात. बोल्ट भराभर निघतात, रोज काहीतरी हातावेगळं झाल्यासारखं वाटतं. मग वेल्डिंगवाल्याची तारीख मिळत नाही, रंगारी आज-उद्या करतो. ‘एवढं काढलंच आहे तर हेही करून घेऊ,’ असं म्हणत कामाची यादी वाढत जाते. सहा महिन्यांनी एखादा ब्रॅकेट हातात येतो आणि तो कुठला हे आठवत नाही. अशा गाड्या शेवटी खोक्यांत भरून कवडीमोल विकल्या जातात. तुमच्या यजमानांना गाडी जमणार नाही, असं मी म्हणत नाही. एकट्या माणसाने घरच्या गॅरेजात करायचं हे काम वर्षात क्वचितच पुरं होतं, एवढंच सांगते.

तिसरा रस्ता आहे. आधी गाडी चालती करायची आणि मग ती चालती ठेवूनच एकेक काम काढायचं. एक काम संपवून, गाडी फिरवून आणल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

मात्र त्याआधी एक गोष्ट बघावीच लागेल. एमजीबीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यातून वर छप्पर नाही. झाकण काढलेला खोका हातात धरून पिळून पाहा, म्हणजे या गाडीचा सगळा जोर तळावर का येतो ते कळेल. दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पत्र्याची पोकळ पट्टी, जिला सिल म्हणतात, ती गाडीला सरळ धरून ठेवते. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल तिच्या टोकाशी साचतो आणि ती आतून गंजत जाते. बाहेरून रंग चकचकीत असतो. पुष्कळदा आतला सडका पत्रा तसाच ठेवून वरून नवा पत्रा ठोकलेला असतो.

घरच्या घरी करता येईल अशी एक तपासणी सांगते. गाडी चारही चाकांवर उभी असताना दार आणि मागचा पत्रा यांमधली फट वरपासून खालपर्यंत नीट बघा. मग गाडी जॅकवर थोडी उचलायला सांगा आणि तीच फट पुन्हा बघा, दार उघडून लावून बघा. फट रुंदावली-अरुंदावली किंवा दार अडायला लागलं तर सिल कमजोर आहे असं समजा. गाडीखाली मात्र नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही जायचं नाही. त्यानंतर या कामातल्या जाणत्या माणसाकडून पक्की पाहणी करून घ्या. सिल गेली असेल तर ते काम त्याच्याकडेच द्यायचं. जुना पत्रा कापण्याआधी बॉडीला आधार द्यावा लागतो आणि वेल्डिंग करताना दारांची फट पुन्हापुन्हा तपासावी लागते. नाहीतर बॉडी वाकडीच जोडली जाते आणि मग दार कधीच नीट बसत नाही.

सिल धड असेल तर ह्यांच्याजवळ गाडी सुटी करण्याचं सबळ कारण उरत नाही. तीन वर्षं उभ्या गाडीत काय बिघडतं ते ठरलेलं आहे. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं आणि ब्रेकचे सिलिंडर आतून गंजून अडकतात. पेट्रोल जुनं होऊन कार्ब्युरेटरमध्ये चिकटा साचतो. रबरी नळ्या तडकतात. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ते वाचा आणि दहा वर्षांपुढचे टायर बिनदिक्कत बदला. पहिलं काम ब्रेकचं, तेही पूर्ण. त्यात काटकसर नको.

सुट्या भागांची चिंता या गाडीला तरी करायला नको. १९६२ ते १९८० या काळात, बंद टपाच्या जीटी धरून, पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या. जुन्या ब्रिटिश गाड्यांचे भाग बनवणाऱ्या ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने तर १९८८ पासून तिच्या अख्ख्या बॉडी नव्याने बनवायला घेतल्या. म्हणजे ‘आत्ताच सगळं नाही केलं तर पुढे मिळणार नाही’ ही घाई खोटी आहे.

आता तुमच्या दोघांबद्दल. खर्चाचा मुद्दा सोडून द्या. ते हिशेबाचा कागद घेऊन येतील, आकडे जुळवून दाखवतील आणि तुमच्याकडे बोलायला काही उरणार नाही. तुम्ही मला जे लिहिलंत ते त्यांना सांगा: ‘मला तुमच्या शेजारी त्या गाडीत बसायचंय, आणि अजून चार वर्षांनी नाही, येत्या मोसमात.’ चौदा वर्षांत हे वाक्य तुम्ही त्यांना सरळ म्हणाला असाल असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही. त्यांची बाजूही समजून घ्या. नोकरी सुटलेल्या माणसाला सकाळी उठून हाताला काम हवं असतं, आणि गाडी सुटी करण्यात त्यांना ते भरपूर दिसतंय. एकेक काम काढलं तरी ते मिळेल, फरक इतकाच की प्रत्येक काम कधीतरी संपेल.

काही गोष्टी दोघांनी मिळून ठरवा. गाडी सलग किती दिवस बंद ठेवायची, त्याची मुदत घाला. गॅरेजच्या वेळा ठरवा, जेवणाच्या वेळी हात धुऊन घरात यायचं हेही त्यातच. आणि टपाचं काम तुम्ही मागून घ्या. एमजीबीचा टप दोन माणसांनी मिळून उघडला तर कापडाला चुण्या पडत नाहीत. तो ओला असताना मिटायचा नाही, नाहीतर बुरशी धरते. मागची प्लास्टिकची खिडकी गारठ्यात दुमडली तर तडकते. हे सांभाळायला समजूतदार हात लागतो, आणि तुम्ही तो टप इतकी वर्षं उघडलाय-मिटलाय.

खाली बसण्या-उठण्याचा त्रास होत असेल तर तेही आत्ताच बोला. सीटच्या फोमची जाडी बदलून घेता येते, आणि हे काम सीट बाहेर काढलेली असतानाच करायचं.

विकायचा विचार तुम्हाला पुढेही करता येईल. दोन वर्षांनी दोघांनाही नको वाटली, तर चालत्या एमजीबीला गिऱ्हाईक मिळतं, ते स्वतः चालवून बघतं आणि भावही बरा देतं. खोक्यांत भरलेल्या गाडीला यातलं काही मिळत नाही. म्हणून आज फक्त तपासणीचा दिवस ठरवा, आणि तो होईपर्यंत ह्यांच्या हातातला पाना खाली ठेवायला लावा.