ड्राय रिफॉर्मिंगमध्ये निकेल तेच असताना अ‍ॅल्युमिनावरचा उत्प्रेरक लवकर का मरतो आणि मॅग्नेशियावरचा का टिकतो?

कारण फरक निकेलमध्ये नाही, त्याच्या कणाच्या आकारात आणि आधारात आहे. आधार म्हणजे निकेल ज्या पदार्थावर बसवलेलं असतं तो: इथे अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड) किंवा मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड).

या अभिक्रियेत मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडपासून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन मिळतो. तापमान साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअस. मिथेन फुटला की निकेलवर कार्बन उरतो. कण मोठा असेल तर हा कार्बन निकेलमध्ये विरघळतो, कणाच्या मागच्या बाजूने तंतू होऊन बाहेर पडतो आणि कणालाच आधारावरून उचलतो. हे तंतू वाढत जाऊन शेवटी नळी तुंबते. कण दहा नॅनोमीटरच्या आत ठेवला तर तंतू तयार होणं अवघड जातं.

मॅग्नेशिया इथे दुहेरी मदत करतो. निकेल ऑक्साइड आणि मॅग्नेशियम ऑक्साइड यांची स्फटिकरचना सारखी असल्याने ते एकमेकांत मिसळतात, म्हणून क्षपणानंतर (ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून धातू मोकळा केल्यावर) निघणारे निकेलचे कण बारीक राहतात आणि घट्ट धरलेले असतात. शिवाय त्याचा पृष्ठभाग अल्कधर्मी आहे. तो कार्बन डायऑक्साइड पकडून ठेवतो आणि त्यातला ऑक्सिजन साचलेला कार्बन जाळतो. अ‍ॅल्युमिनाच्या आम्लधर्मी जागा उलट कार्बन साचायला हातभार लावतात. (मात्र मॅग्नेशियातलं निकेल क्षपित करायला तापमान जास्त लागतं, ते विसरू नका.)

ऱ्होडियम, रुथेनियम या मौल्यवान धातूंमध्ये कार्बन फारसा विरघळत नाही, पण किंमत परवडत नाही.

तुलना करताना पहिल्या तासाच्या रूपांतरणावर अजिबात विसंबू नका. समतोलाजवळ, म्हणजे अभिक्रिया जिथवर जाऊ शकते त्या मर्यादेजवळ, सगळेच उत्प्रेरक सारखे दिसतात. वापरलेला नमुना हवेत तापवून किती वजन घटतं, ते आधी बघा; साचलेला कार्बन जळून गेल्याने ते घटतं.