आठव्या दिवशीच पिल्लू परत द्यावंसं वाटलं तेव्हा

"मॅडम, मी एवढी दुष्ट आहे का हो?" खुर्चीत टेकल्या टेकल्या त्या ताईंचा हा पहिला प्रश्न. राहणार पुण्यात, बँकेत नोकरी, मुलगा सातवीत, घरी सासूबाई, नवरा महिन्यातले निम्मे दिवस टूरवर (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). मुलाच्या हट्टापायी जूनमध्ये दोन महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं आणि आठव्या दिवशी ह्यांना ते परत देऊन टाकावंसं वाटायला लागलं. रात्री तीनदा उठायचं, पहाटे शू पुसायची, मग डबे, मग ऑफिस, त्यात ते सारखं घोट्याला दात लावतंय, गाऊन ओढतंय. "सगळे म्हणतात किती गोड आहे, मला त्याच्याकडे बघितलं की रडूच येतं."

हे मी खूप जणांकडून ऐकलंय, बहुतेक वेळा असंच हळू आवाजात, कारण बोलायची लाज वाटते. ह्याला पपी ब्लूज म्हणतात आणि झोप मोडलेल्या माणसाला असं वाटणं अजिबात दुष्टपणाचं नाही, बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत निवळतं. नाही निवळलं, भूक-झोप गेली, कशातच मन लागेना, तर मात्र पिल्लावर खापर न फोडता स्वतःसाठी डॉक्टर गाठायचा. आणि परत देणं हेसुद्धा पाप नाही, चांगलं घर मिळत असेल तर. फक्त तो निर्णय झोप न झालेल्या डोक्याने घेऊ नका, एवढंच मी त्यांना सांगितलं.

मग विचारलं, आणायच्या आधी तयारी काय केली? गादी, भांडं, पट्टा, खेळणी, सगळं होतं. रात्री दोनला कोण उठणार हे ठरलं होतं का? नाही. "मुलगा म्हणाला होता मी सगळं करेन." बारा वर्षांचा मुलगा मनापासूनच म्हणाला असणार हो, पण रात्री दोनला तो गाढ झोपलेला असतो.

पुढच्या वेळी सगळ्यांना बोलावलं, सासूबाईंनाही. प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली, पिल्लाला बसवायला तुम्ही काय म्हणता ते लिहा म्हटलं. आजींनी लिहिलं 'बस रे बाळा', मुलाने 'सिट', बाबांनी 'डाऊन', आणि ताईंची चिठ्ठी कोरी. "मी काहीच म्हणत नाही, उचलून बाजूला ठेवते." चारही चिठ्ठ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा मुलगाच म्हणाला, अरे मग त्याला कसं कळणार? तिथेच 'बस' हा एकच शब्द ठरला.

शूचंही तसंच. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांच्या वर धरूच शकत नाही, त्यामुळे उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्यायचं आणि तिथे शू झाली की त्याच क्षणी खाऊ, घरात येऊन दिलेला खाऊ कशासाठी ते त्याला कळत नाही. शेजारच्यांनी सल्ला दिला होता की नाक त्यात घासा आणि पेपरची गुंडाळी मारा, ते मी ठामपणे थांबवायला लावलं, त्याने पिल्लू फक्त तुमच्यासमोर शू करायला घाबरतं आणि सोफ्यामागे जाऊन करतं. चावलं तर खेळ बंद, हात बाजूला, तोंडात खेळणं. चौथ्या महिन्याच्या आसपास दुधाचे दात पडायला लागतात, तेव्हा हिरड्या शिवशिवतात म्हणून ते आणखी चावणार हेही सांगून ठेवलं.

रात्री ते गॅलरीत एकटं झोपायचं. आईला आणि भावंडांना चिकटून झोपलेलं लेकरू ते, रडणारच! टोपली ताईंच्या पलंगाशेजारी आली, नुसता हात खाली सोडला की गप्प व्हायला लागलं. पाळ्या कागदावर लिहून फ्रिजला लावल्या, शनिवार-रविवार मुलाचा, बाबा घरी असतील तेव्हा बाबांचा.

आजींशी जरा हळुवार बोलावं लागलं. त्या प्रेमाने दूध-पोळी द्यायच्या, त्याने जुलाब होत होते, आणि सत्यनारायणाचा शिराही भरवला होता, त्यात बेदाणे. मनुका-बेदाण्याने कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, कांदा आणि चॉकलेटही घातकच. आजींना कुणी सांगितलंच नव्हतं, त्यांचे डोळे भरून आले.

आणखी एक अडचण होती. पिल्लू साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत लसी पूर्ण होत नाहीत, पार्वोची (पिल्लांना होणारा जीवघेणा संसर्ग) भीती असते म्हणून त्यांनी पिल्लाला घराबाहेरच काढलं नव्हतं. पण जगाची सवय व्हायचा मुख्य काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याचा, तो घरातच गेला तर पुढे स्कूटरलाही घाबरतं. म्हणून डॉक्टरांना विचारून कडेवर घेऊन फिरवा म्हटलं, जमिनीवर न सोडता, रिक्षा, भंगारवाला, शाळेची पोरं, सगळं दुरून दाखवा आणि हळूच खाऊ द्या.

दीड महिन्याने ताईंचा फोन आला. सोसायटीमागे ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झाला होता, त्या म्हणाल्या, "दोनदा भुंकला आणि माझ्या पावलावर हनुवटी ठेवून झोपला. मुंग्या आल्या हो पायाला, पण अर्धा तास मी पाय हलवला नाही."