आधी फोन कुणाचा ते विचार

ऑनलाइन गेममधल्या त्रासावर मुलाखती घेशील तेव्हा रामबागेतल्या मुलांना "गेममध्ये कुणी त्रास देतं का?" असं एकदम विचारू नकोस, "नाही" म्हणून मोकळी होतात. आधी फोन कुणाचा ते विचार. एका मुलीनं मला आईचा फोन दाखवला, काच तडकलेली, व्हॉइस चॅट कायम बंद. आवाजावरून मुलगी आहे हे कळलं की शिव्या सुरू होतात, म्हणाली. घरी सांगितलं तर फोनच जाईल, म्हणून गप्प. हे गप्प राहणं आधी नोंदव, बाकीचं नंतर.

पालकांची लेखी संमती घेच, पण मुलाचा होकारही वेगळा घे. आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नकोस गं. लैंगिक छळ कळला तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानं (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) कळवावंच लागतं. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.