मुंगीच्या तोंडाला नांगी नसते

प्रश्न असा आला आहे: 'मुलीनं विज्ञानाच्या प्रकल्पात "मुंगी नांग्यांनी पान कापते" असं लिहिलं. बाईंनी "नांग्यांनी" खोडून "जबड्याने" केलं. मँडिबलला, म्हणजे मुंगीच्या तोंडाशी असलेल्या पकडणाऱ्या-कापणाऱ्या जोडीला, मराठीत नेमकं काय म्हणायचं?'

खोडलं ते उत्तमच केलं. निसर्गावरच्या चित्रफितींचं मराठी निवेदन ऐकावं तर मुंगीच्या तोंडाला सर्रास नांग्या फुटलेल्या असतात, आणि दर वेळी कान किटतात. नांगी विंचवाची, ती शेपटीच्या टोकाला. माझ्या मते तो शब्दच मुळात शेपटीचा आहे: 'लांगल'चा जसा नांगर झाला, तशी 'लांगूल' म्हणजे शेपूट, तिची नांगी झाली. खेकड्याच्या पुढच्या आकड्यांनाही नांग्या म्हणायची पद्धत पडली आणि तिथून हा घोळ मुंगीपर्यंत पोचला. कित्येक जातींच्या मुंग्यांना मागच्या टोकाला खरोखरची विषारी नांगी असते, मग तोंडाशी आणखी एक चिकटवून वाचकाला कळणार काय? आणि कोकणातल्या हुमल्यांना, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्यांना, तर नांगी मुळीच नसते. ते तोंडानं कडकडून धरतात आणि चाव्यावर फॉर्मिक आम्ल सोडतात. 'हुमल्यानं नांगी मारली' हे वाक्य म्हणून साफ चूक.

'जबडा' त्या मानानं बरा, पण बाईंशीही मी पूर्ण सहमत नाही. आपला वरचा जबडा कवटीला पक्का आणि खालचा वर-खाली चालतो. मुंगीच्या तोंडाचे हे दोन भाग डावा आणि उजवा, प्रत्येकाचा डोक्याशी स्वतंत्र सांधा, आणि ते आडवे मिटतात. तोंड वर-खाली चालवणाऱ्या मुंग्या होऊन गेल्या, नाही असं नाही. म्यानमारच्या सुमारे 9.9 कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरमध्ये, म्हणजे झाडाच्या घट्ट होऊन टिकलेल्या राळेत, हायडोमर्मेक्स नावाची मुंगी आणि तिची भावंडं सापडली आहेत. त्यांचे लांब, वाकडे भाग खालून वर येत आणि भक्ष्याला डोक्यावरच्या उंचवट्याशी दाबून धरत. 2020 मध्ये तर भक्ष्य पकडलेल्या अवस्थेतच गोठलेली अशी एक मुंगी प्रसिद्ध झाली. ब्राझीलमधला याच कुळातला जीवाश्म, 2025 मध्ये जाहीर झालेला, 11.3 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. पण ते अख्खं कुळ नामशेष झालं. आजच्या मुंग्यांचं तोंड आडवंच चालतं.

परिभाषावाल्यांचा शब्द आहे 'जंभ'. वेदातला, दात-दाढ या अर्थाचा, इंग्रजीतल्या 'कोम'चा म्हणजे कंगव्याचा सख्खा भाऊ. घराणं थोर, पण बोलण्यातून कधीच गेलेला. तो छापला की पोरं पुढच्या ओळीवर उडी मारतात. जिवंत शब्द स्वयंपाकघरात असताना मेलेला उकरून काढायची ही खोड मला कधीच पटलेली नाही.

तो जिवंत शब्द म्हणजे सांडशी. 'भांडं सांडू नये म्हणून सांडशी' असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात, त्यांनी कृपा करून थांबावं. सांडशी आली 'संदंश'मधून: सम् अधिक दंश, दोन्ही बाजूंनी मिळून घेतलेला चावा. लोहार-सोनारांचा सांडस तोच. 'दंश'चीच बाकीची लेकरं म्हणजे डास, डसणे आणि दंष्ट्रेतून आलेली दाढ. आणि गंमत म्हणजे लग्नाच्या बुफेत पापड उचलायला ठेवलेला 'टाँग्स' हा इंग्रजी शब्दही याच चावण्याच्या मूळ धातूतून निघालेला. म्हणजे चिमट्याला 'चावणारा' म्हणायची कल्पना युरोपातही झाली आणि आपल्याकडेही.

सुश्रुतानं संदंश यंत्र दोन प्रकारचं सांगितलं आहे: सनिग्रह आणि अनिग्रह, म्हणजे अडकण असलेलं आणि नसलेलं, लांबी 16 अंगुळं. त्याच सुश्रुतसंहितेत फाटलेल्या आतड्यावरचा उपाय वाचा: फाटलेल्या कडा जुळवून त्यांवर काळ्या मुंग्यांचा दंश करवायचा, मग त्यांची धडं काढून टाकायची आणि डोकी तशीच ठेवायची. हे जमतं, कारण मिटवणारे स्नायू सगळे डोक्यातच असतात. डोक्यातली बरीचशी जागा त्यांनीच व्यापलेली असते. उघडणारे स्नायू त्यापुढे किरकोळ. ज्या शल्यविद्येनं संदंश हातात घेतला, तिनंच मुंगीचं तोंड संदंशासारखं वापरलं. यापेक्षा भक्कम पुरावा मला नको.

सनिग्रह मुंगीही आहे बरं! ओडोंटोमॅकस, ग्रीकमध्ये 'दातांनी लढणारी', हे नाव 1804चं. ती दोन्ही पाती 180 अंशांपर्यंत उघडते, अडकणीत अडकवते आणि स्नायू ताणून वाट पाहते. आतल्या बाजूच्या लांब केसांना भक्ष्य लागलं की अडकण सुटते. 2006 मध्ये मोजलेला वेग सेकंदाला 35 ते 64 मीटर. मिटायला सरासरी 0.13 मिलिसेकंद लागतात. सुश्रुताची अडकण मिटलेलं यंत्र मिटलेलं ठेवते आणि हिची उघडलेलं उघडं ठेवते, एवढाच फरक.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: सांडशीच्या दोन पात्यांना मध्ये एकच खिळा असतो, मुंगीची पाती मात्र सुटी. पण शब्दात खिळा आहेच कुठे? त्यात आहे फक्त दोन्हीकडून धरणं. उलट लॅटिन नावच जास्त फसवं आहे. मँडिबल आला 'चघळणे'तून आणि प्रौढ मुंगी घन अन्न चघळून गिळत नाही. ती द्रव तेवढा पोटात घेते आणि घन कण तोंडातल्या एका पिशवीत गाळले जातात. पकडणं, कापणं, उचलणं, अळ्या इकडून तिकडे नेणं, ही त्या अवयवाची खरी कामं.

तेव्हा प्रकल्पात 'मुंगीची सांडशी' लिहा, आणि एका बाजूच्या भागाला 'पातं' म्हणा. पान कापणाऱ्या अमेरिकी मुंग्यांबद्दल लिहिताना हा दुसरा शब्द लागतोच, कारण त्यांचं एक पातं आधार धरतं आणि दुसरं कापत जातं. कापणाऱ्या धारेत जस्त असतं, तरीही ती झिजते. धार बोथट झालेल्या मुंग्या कापणं सोडून पानांचे तुकडे वाहायच्या कामाला लागतात.