मेक्सिकोत एकट्याने आठ-दहा दिवस निवांत राहायचं असेल तर कोणतं जुनं शहर निवडावं?

प्वेब्ला.

तुम्ही लिहिलंय की एकटंच जायचंय, रोज बॅग भरायची नाही, खाणं शाकाहारी आहे आणि यादी घेऊन धावायचा कंटाळा येतो. माझी अवस्था अगदी हीच होती. ह्यूस्टनला लेकीकडे गेले होते, तिथून ऑक्टोबरच्या उत्तरार्धात एकटीच प्वेब्लाला गेले आणि नऊ रात्री राहिले. वय तेव्हा अठ्ठावन्न, आणि स्पॅनिश म्हणाल तर मोबाइलवर घोकलेली पन्नासेक वाक्यं. खरं तर ठरलं होतं दोनच रात्रींचं, पुढे ओआहाका शहर. ते मी तिसऱ्या दिवशी रद्द केलं आणि अजून मला त्याचं वाईट वाटलेलं नाही.

बहुतेक लोक मेक्सिको सिटीहून सकाळच्या बसने येतात, कॅथेड्रल, जेवण, शेजारच्या चोलूला गावी टेकडीवरचा फोटो, आणि रात्री परत. तसं करू नका. हे शहर तेच तेच चार रस्ते पुन्हा पुन्हा चालण्याचं आहे.

आधी कामाचं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. तरी निघण्याआधी मेक्सिकोच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या. मेक्सिको सिटीच्या विमानतळावरूनच प्वेब्लाची थेट बस मिळते, शहरात शिरावंच लागत नाही. साधारण दोन-अडीच तास. राहायला मधल्या जुन्या भागातच खोली घ्या, सोकालोपासून (म्हणजे मुख्य चौकापासून) पाच-सात गल्ल्यांच्या आत. शहर समुद्रसपाटीपासून 2,100 मीटरहून उंचावर आहे, पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागली तर घाबरू नका.

आता रस्त्यांचे नंबर. 1531 साली स्पॅनिश लोकांनी हे गाव कोऱ्या जमिनीवर पाटीवर रेघा मारल्यासारखं आखलं. पूर्व-पश्चिम जाणारे ते आवेनिदा, दक्षिणोत्तर ते काये. नोर्ते उत्तर, सूर दक्षिण, ओरिएन्ते पूर्व, पोनिएन्ते पश्चिम. म्हणजे 4 नोर्ते, 4 सूर, 4 ओरिएन्ते, 4 पोनिएन्ते असे चार 'चार नंबर' आहेत. पहिल्या संध्याकाळी 4 नोर्तेवरचं घर शोधत मी 4 ओरिएन्तेवर बॅग ओढत फिरत होते. फरसबंदीवर चाकांचा तो आवाज! शेवटी एका झेरॉक्सवाल्या मुलाने दुकान तसंच टाकून मला कोपऱ्यापर्यंत नेलं. दुसऱ्या दिवशी एकदा ते गणित डोक्यात बसलं की नकाशा लागत नाही. एकट्या माणसाला त्याचा फार आधार असतो.

बघायचं काय? सोकालोला लागून कॅथेड्रल आहे, 1649 मध्ये अर्पण झालेलं, सुमारे 70 मीटर उंच दोन मनोऱ्यांचं. घंटा मात्र एकाच मनोऱ्यात. भोवतीच्या कठड्यावर देवदूत उभे आहेत, आणि ती अजस्र मोठी घंटा माणसांना चढवेना तेव्हा रात्रीत देवदूतांनी वर नेऊन ठेवली, अशी तिथली कथा. कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला रस्ता ओलांडला की बिब्लिओतेका पालाफोक्सियाना हे जुनं ग्रंथालय. बिशप पालाफोक्स यांनी 1646 मध्ये स्वतःची 5,000 पुस्तकं दिली आणि ग्रंथालय सुरू झालं. आता 45,000च्या वर आहेत. देवदाराची तीन मजली कपाटं, वर घुमटाकार छत, आणि जुन्या कागदाचा तो वास. युनेस्कोने 2005 मध्ये 'जगाची स्मृती' यादीत घेतलंय. मी दोनदा गेले. दुसऱ्यांदा काहीही न बघता नुसती उभी राहिले.

सांतो दोमिंगो चर्चमधलं रोसारिओचं छोटं प्रार्थनामंदिर (1690) सगळेच सुचवतील. आत इंचभर भिंत सोन्याच्या वर्खाशिवाय नाही. मला ते एकदा बघायला ठीक वाटलं. सराफाच्या पेढीत डोळे दिपतात तसं होतं. त्यापेक्षा सान फ्रान्सिस्को चर्चमध्ये जा. तिथे काचेच्या पेटीत सेबास्तियान दे आपारिसिओ यांचा देह ठेवलाय. 1600 मध्ये वारलेले हे साधू आधी गाडीवान होते आणि त्यांनी मेक्सिकोत बैलगाड्यांचे रस्ते केले. म्हणून ड्रायव्हर लोकांचे ते आधारदेव.

आणि कोम्पान्यिआचं, म्हणजे जेझुइट पाद्र्यांचं चर्च. सोकालोवरून पूर्वेला पाच मिनिटं. त्याची माहिती मला आधी नव्हती, घरमालकीणबाईंनी मी 'दे ला इंदिया' म्हटल्यावर लगेच विचारलं, "मग तुम्ही कातारीनाला भेटलात का?" कातारीना दे सान हुआन ही सतराव्या शतकातली आपल्याकडची मुलगी. मुघलांच्या हिंदुस्थानात जन्मलेली. पोर्तुगीज चाच्यांनी लहानपणी पळवली, कोचीनला बाप्तिस्मा दिला, मनिलाला गुलाम म्हणून विकली, आणि तिथून गलबताने पॅसिफिक ओलांडून आकापुल्को, मग प्वेब्ला. मूळ नाव 'मिर्रा' असं लिहून ठेवलंय. मीरा की आणखी काही, आपण अंदाज करायचा. पुढे ती इथली संतीण मानली गेली, 1688 मध्ये वारली आणि याच चर्चमध्ये पुरली गेली. तिच्या जेझुइट गुरूने तिचं भलंथोरलं चरित्र लिहिलं, ते धर्मसभेने बंदी घालून गाडलं. त्या काळी आशियातून आलेल्या कुणालाही मेक्सिकोत 'चिनो' म्हणत, त्यामुळे ती 'चिना पोब्लाना', प्वेब्लाची चिनी बाई. मेक्सिकोचा टिकल्यांच्या घागऱ्याचा प्रसिद्ध राष्ट्रीय पेहरावही त्याच नावाने ओळखला जातो. पेहरावाचा तिच्याशी संबंध नंतर जोडला गेला, असं अभ्यासक म्हणतात. मी त्या चर्चमध्ये रोज दुपारी दहा मिनिटं बसत असे. इतक्या लांब, आपलं नावसुद्धा नीट न राहिलेली एक पोर.

मनिलाचं ते गलबत (ही फेरी 1565 ते 1815 पर्यंत चालली) एकदा डोक्यात शिरलं की प्वेब्लात ते जागोजागी दिसायला लागतं. तालावेराचंच बघा. ही इथली चिनी मातीसारखी दिसणारी भांडी आणि फरशा. अर्ध्या शहराच्या भिंती त्यांनी मढवल्यात. तंत्र स्पेनमधून आलं, पण निळ्या-पांढऱ्याचं वेड गलबतातून आलेल्या चिनी भांड्यांनी लावलं. एका जुन्या कारखान्यात अर्ध्या तासाची फेरी असते, ती नक्की करा. भांडं एकदा भाजतात, मग कथिलाच्या पांढऱ्या लेपात बुडवतात, वाळल्यावर त्यावर रंगवतात आणि पुन्हा भाजतात. रंगवणाऱ्या बाई माझ्यासमोर एका ताटलीला कड काढत होत्या. डावा हात चाक हळू फिरवतोय, उजव्या हातातला केसांचा कुंचला जागेवर स्थिर. लेप टीपकागदासारखा रंग शोषतो, त्यामुळे खोडायची सोय नाही. आणि गंमत म्हणजे त्या काढत होत्या ती रेघ राखाडी, मळकट दिसत होती. कोबाल्ट भट्टीतून बाहेर आल्यावर निळा होतो. म्हणजे दिवसभर न दिसणारा रंग भरायचा! मी विचारलं, चुकलं तर? त्यांनी टोपलीतले तुकडे दाखवले. अस्सल तालावेरा महाग असतं, तळाशी कारखान्याची सही बघा, आणि बोट फिरवलं की रंग किंचित उंच लागतो. पारिआन बाजारातलं स्वस्त असतं ते बहुतेक नुसतं तसं दिसणारं. मी भेट द्यायला तेच घेतलं, खोटं कशाला बोलू.

आता खाणं. शाकाहारी माणसाचं पोट इथे भरतं, पण विचारत राहावं लागतं. 'सिन कार्ने' म्हणजे मांसाशिवाय, एवढं पुरत नाही. राजमा-घेवड्यात डुकराची चरबी असते ('सिन मान्तेका' म्हणायचं), भातात चिकनचं पाणी असतं ('सिन काल्दो दे पोयो'). त्यातल्या त्यात सुरक्षित काय: रस्त्यावरच्या तव्यावरच्या त्लाकोयो आणि मेमेला, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, पण तिथेही 'सिन मान्तेका' विचारून. माझ्या गल्लीच्या तोंडाशी एक आजी सकाळी आठला कोळशाची शेगडी मांडायच्या. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून पाट्यासारख्या मेतातेवर वाटलेला, निळसर जांभळा गोळा. त्यात घेवड्याचं सारण भरून हातानेच लांबट थापायच्या. भाकरी थापतानाचा तोच टप-टप आवाज. वर हिरवी की लाल चटणी, किसलेलं चीज. घेवडा नुसता पाण्यात शिजवलेला असतो, हे त्यांनी मला पातेल्याचं झाकण काढून दाखवलं. चौथ्या दिवसापासून त्या मला न विचारता हिरवी वाढू लागल्या.

सेमिता म्हणजे तीळ लावलेला गोल पाव. तो मांसाऐवजी केसियो चीज, अव्होकाडो आणि चिपोत्ले (धुरावर सुकवलेली मिरची) घालून देतात. त्यात पापालो नावाचा पाला असतो, कोथिंबिरीचा उग्र थोरला भाऊ. पहिल्या घासाला नको वाटतो, तिसऱ्या दिवशी नसला तर चुकल्यासारखं होतं. चिलेस एन नोगादा हा इथला मानाचा पदार्थ ऑगस्ट-सप्टेंबरातला, पण सारणात खिमा असतो. आणि मोले पोब्लानो, इथला मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा? हॉटेलात तो कोंबडीवरच येतो. मी आकोकोता बाजारातून कुठलीच चरबी नसलेलं मोलेचं वाटण आणलं, मालकीणबाईंनी नुसत्या पाण्यात सैल करून दिलं. भाजलेल्या तीन-चार जातीच्या सुक्या मिरच्या, तीळ, शेंगदाणे, बदाम, दालचिनी, लवंग, मनुका, जराशी चॉकलेट. लोक 'चॉकलेटची आमटी' म्हणून नाकं मुरडतात. मला पहिल्या चाटणात काळ्या मसाल्याची आठवण झाली. मग गोडसर काहीतरी मागून येतं. भाताबरोबर तीन दिवस पुरवून खाल्लं.

गोडाला 6 ओरिएन्ते, मिठाईची गल्ली. तिथे रताळ्याच्या लांबट वड्या कागदात गुंडाळून मिळतात, त्यांना कामोते म्हणतात. रताळं, बटाटा, शेंगदाणा, मिरची: आपलं एकादशीचं बरंचसं ताट अमेरिका खंडांतून आलंय, हे माझ्या सासूबाईंना कुणी सांगायला हवं होतं.

एक दिवस चोलूलाला द्या, शनिवार-रविवार सोडून. शहरातून साध्या बसने जाता येतं. टेकडी दिसते ती टेकडी नाही, पिरॅमिड आहे; पायाची एक बाजू 400 मीटरच्या आसपास, आकारमानाने जगातला सगळ्यात मोठा म्हणतात. वर स्पॅनिश लोकांनी चर्च बांधलं. 1519 मध्ये स्पॅनिश सेनापती कोर्तेसच्या सैन्याने याच गावात कत्तल केली, तेही चढताना लक्षात असू द्या. सकाळी लवकर चढा, कारण मागे पोपोकातेपेत्ल ज्वालामुखी तेव्हाच स्वच्छ दिसतो, दुपारी ढग. 1994 पासून तो धुमसतोय. इथले लोक त्याला 'दोन गोयो' म्हणतात, शेजारच्या खोकणाऱ्या आजोबांबद्दल बोलावं तसं. परतताना तोनान्तसिन्त्लाचं छोटं चर्च बघा. स्थानिक कारागिरांनी आतल्या देवदूतांना आपल्यासारखे चेहरे, डोक्यावर पिसं आणि हातात फळं दिलीत. फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे.

ऑक्टोबरच्या शेवटी जमलं तर उत्तम. पाऊस संपलेला असतो, आणि मृतांच्या दिवसांसाठी सगळीकडे झेंडू येतो. ढिगाच्या ढीग, ट्रकच्या ट्रक. मी दसरा नुकताच ह्यूस्टनला प्लास्टिकच्या तोरणावर साजरा केला होता, आणि इथे कोपऱ्याकोपऱ्यावर तोच वास. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, सेम्पासूचिल. बेकरीत 'ओखाल्द्रा' मिळतात, म्हणजे मृतांचा गोड पाव. बाकी मेक्सिकोत त्याला पान दे मुएर्तो म्हणतात. त्या आठवड्यात खोल्या महागतात, आधी ठरवा.

आता सुरक्षिततेचं. जुन्या भागात रात्री नऊपर्यंत मी एकटी फिरत होते, बायका-मुलं सगळीच असतात. त्यानंतर मोबाइलवरून गाडी बोलवायची. पैसे बँकेच्या आतल्या यंत्रातून, दिवसा. त्रास झाला तो एकच: खोली रस्त्याकडची घेतली होती, आणि कुठल्या तरी चर्चचा उत्सव म्हणून पहाटे साडेपाचला गरनाळी बार उडायला लागले. चार दिवस. खोली अंगणाकडची मागा.

एकटीने टेबलावर बसायचं मला आधी फार दडपण होतं. तिथे जेवण आटोपून बाहेर पडणारी अनोळखी माणसं तुमच्या टेबलापाशी क्षणभर थांबून 'प्रोवेचो' म्हणतात, म्हणजे अंगी लागो. उत्तराला 'ग्रासियास'. दुसऱ्या दिवसापर्यंत मीही म्हणायला लागले होते. ह्यूस्टनला परतल्यावर एका हॉटेलातून निघताना शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सवयीने म्हणून गेले. तो दचकलाच, लेक मात्र हसून हसून बेजार.