पृथ्वीवर प्यायला पाणी नसताना माणूस परग्रहांवर जीवसृष्टी का शोधत बसतो?

प्रश्नाचा उत्तरार्ध वाचला आणि उत्तर लिहायला बसले. पूर्वार्ध एकटा असता तर पुढे गेले असते. 'प्यायला पाणी नसताना' हे शब्द आमच्या घरात दर दिवाळीला निघतात. माझे धाकटे दीर निफाडकडे द्राक्षबाग करतात. फराळ झाला की सुरू होतात, "वहिनी, इथं टँकर लागलेत आणि तुमच्या मंगळयानाला साडेचारशे कोटी!" तुमचा प्रश्न तोच आहे.

मी नाशिकच्या एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत सूक्ष्मजीव विभागात नोकरी केली. पाण्यात जीव आहे की नाही, हे सांगण्याचाच पगार घेतला. म्हणून माझं उत्तर त्याच बाजूनं येणार.

आपल्याकडे जीवसृष्टीचा नमुना एकच आहे. जिवाणू घ्या, वड घ्या, माणूस घ्या, सगळ्यांमध्ये तोच डीएनए आणि जवळजवळ तीच जनुकीय लिपी. सगळं एकाच मुळातून आलेलं. आता योग्य रसायनं आणि पाणी एकत्र आलं की जीव होतोच, की तो इथं एकदाच योगायोगानं झाला? एका नमुन्यावरून याचा अहवाल कुणालाही देता येणार नाही. दुसरा नमुना हवा, मग तो मंगळाच्या मातीतला मेलेला जिवाणू का असेना. शोध त्यासाठी आहे. उडत्या तबकड्यांशी त्याचा काही संबंध नाही.

पण नमुना मिळाला म्हणजे काम झालं असं नसतं. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर ऐन उन्हाळ्यात लहान मुलांना जुलाब लागले. विहीर आटलेली, त्यातच टँकर ओतायचे आणि बायका दोर टाकून पाणी काढायच्या. त्या पाण्याचा आमच्याकडचा अहवाल होता 'पिण्यास योग्य'. वरिष्ठ म्हणाले, पाण्यात काही नाही, मुलांनी दुसरं काहीतरी खाल्लं असेल. मला ते पटेना. चौकशी केली तेव्हा कळलं, की साथीची बातमी लागताच विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरिनची पावडर टाकली होती आणि त्यानंतर लगेच साध्या बाटलीत नमुना भरला होता. बाटलीत क्लोरिन निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट नव्हतं. म्हणजे उरलेला क्लोरिन पेठ ते नाशिक रस्ताभर बाटलीतल्या जिवाणूंना मारत आला आणि आमच्या तपासणीच्या नळ्या स्वच्छ राहिल्या. मी हटून बसले. टँकर जिथून भरायचा तिथलं पाणी निर्जंतुक बाटलीत, थायोसल्फेट घालून, बर्फाच्या पेटीतून मागवलं. मॅकाँकी ब्रॉथच्या, म्हणजे जिवाणूंच्या खाद्याच्या, जवळजवळ सगळ्या नळ्यांत वायू धरला. मैला मिसळलेलं पाणी होतं ते. पहिला अहवाल मागे घ्यायला मात्र कुणी तयार नव्हतं आणि त्यावरून माझे कार्यालयात बरेच खटके उडाले.

हे इतकं सविस्तर सांगितलं, कारण मंगळावर हेच घडलं. १९७६ साली नासाची व्हायकिंग यानं तिथं उतरली. मातीत खाद्य घातल्यावर वायू निघाला, म्हणजे जीव असल्यासारखी खूण मिळाली. दुसऱ्या उपकरणानं तीच माती तापवून पाहिली, तर मंगळाचे म्हणावेत असे सेंद्रिय रेणू सापडले नाहीत. बहुतेकांनी निकाल दिला, जीव नाही. मग २००८ साली फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडलं. हे क्लोरिनचं संयुग तापवलं की सेंद्रिय रेणूंचा नाश करतं. जे शोधायचं तेच तपासणीत जळून गेलं असण्याची शक्यता निर्माण झाली. व्हायकिंगचा तो वाद आजही पूर्ण मिटलेला नाही.

आणि खाद्य घालून वायू मोजण्याची ती पद्धत काढली कुणी? गिल्बर्ट लेव्हिन यांनी. ते मूळचे सार्वजनिक आरोग्य खात्यात काम केलेले अभियंते. पिण्याच्या पाण्यातले जिवाणू लवकर कळावेत म्हणून त्यांनी खाद्यात किरणोत्सारी कार्बन घातला; जिवाणूंनी ते खाल्लं की निघणारा वायूही किरणोत्सारी असतो आणि तो लगेच मोजता येतो. आमच्या नळ्यांना २४ ते ४८ तास लागतात, त्यांचं उत्तर काही तासांत यायचं. तीच पद्धत पुढे मंगळावर गेली. भाऊजी, पाणी की मंगळ असा सवाल तुम्ही करता, पण ज्यानं मंगळावर जीव शोधायचा प्रयत्न केला तो पाणी तपासणाराच माणूस होता.

काही जण या खर्चाचं समर्थन करताना उपग्रहामुळे हवामान कळतं, द्राक्षाला फायदा होतो, असं सांगतात. मला ते उत्तर आवडत नाही. हवामानाचा उपग्रह वेगळा, तो त्याच कामासाठी सोडतात. मंगळयानात मिथेन मोजायचं उपकरण होतं, कारण मिथेन सूक्ष्मजीवही तयार करतात. ते जाणून घ्यायचं होतं, एवढं कारण पुरेसं आहे. आणि मंगळयान रद्द केलं असतं म्हणून पेठच्या पाड्यावर निर्जंतुक बाटली पोचली नसती. ती पोचली नाही ती हलगर्जीपणामुळे. बाटली काही महाग नव्हती.

गुरू सिंह राशीत आला की आपल्याकडे सिंहस्थ भरतो आणि सगळं नाशिक गुरूची वाट बघतं. त्याच गुरूच्या युरोपा चंद्रावर बर्फाखाली खारा समुद्र असल्याचे भक्कम पुरावे आहेत. नासाचं युरोपा क्लिपर यान १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालं, २०३० मध्ये गुरूजवळ पोचेल. ते थेट जीव शोधणार नाही, जीव तगेल अशी परिस्थिती आहे का ते बघणार आहे. हा क्रम मला योग्य वाटतो.

दोन गोष्टी राहिल्या. मंगळावर जीव सापडला तरी तो 'दुसरा नमुना' ठरेलच असं नाही. उल्कांमधून दोन ग्रहांमध्ये दगडांची देवाणघेवाण झालेली आहे, तेव्हा तो आपलाच भाऊबंद असू शकतो. दुसरी गोष्ट, जीव पृथ्वीबाहेरून येतो का हे आपल्याकडेही तपासलं गेलं. जयंत नारळीकर यांच्या पुढाकारानं २००५ साली हैदराबादहून सोडलेल्या फुग्यानं ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा आणली, तीत जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला आर्यभटाचं नाव दिलंय, एकीला इस्रोचं, एकीला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचं. ते पृथ्वीबाहेरून आले असं सिद्ध झालेलं नाही आणि संशोधकांनीही तसा दावा केला नाही. माझ्या वरिष्ठांनी अहवाल लिहिताना एवढी काळजी घेतली असती तर ती मुलं आणखी आठवडाभर तेच पाणी प्यायली नसती.

तुमच्या गावच्या पाण्याचा अहवाल हाती आला, तर नमुना घेताना शिल्लक क्लोरिन किती होता हे त्यावर लिहिलंय का ते बघा. लिहिलेलं नसेल तर फेरतपासणी मागा.